कोणी सांगितलं होतं?

बँकेत मी हर्नियाचं ऑपरेशन आहे असं सांगितलं होतं. हर्निया निवडण्यामागे बराच विचार होता. पोटाचंच दुखणं, त्यामुळे कपड्यांतून पट्टा दिसला तरी चालतं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, हेही जुळतं. 'गर्भाशयाचं' म्हटलं असतं तर शाखेतल्या बायकांनी डॉक्टरांच्या नावापासून टाक्यांच्या संख्येपर्यंत सगळं खोदून विचारलं असतं. हर्नियात कुणाला फारसा रस नसतो, आणि तरी ऑपरेशन म्हणून त्याचा मान राहतो.

बारा दिवसांची रजा संपवून परत गेले तेव्हा शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी माझ्यासाठी वेगळा डबा आणला होता. मऊ खिचडी, वर तूप, बाजूला लिंबाचं मुरलेलं लोणचं. तीन आठवडे त्या रोज आणत राहिल्या. हेडकॅशियरनी माझी उभं राहायची सगळी कामं स्वतःकडे घेतली. शिपाई माझ्या खुर्चीला टेकायला कुठून तरी उशी घेऊन आला. मी ते सगळं घेतलं. घेताना संकोच वाटला, पण नाही म्हणावंसं वाटलं नाही, कारण दुखत खरोखरच होतं.

माझं झालं होतं लायपोसक्शन. पोट, कंबरेच्या दोन्ही बाजू आणि मांड्या. काचेच्या बरणीत साडेतीन लिटर निघालं. वय ४४, वजन ६९ किलो, उंची पाच फूट दोन इंच. एक एफडी मोडली. नवरा म्हणाला, "तुझे पैसे, तुझं शरीर." हे वाक्य उदार आहे की हात झटकणारं, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

दहा महिने झाले तरी मी खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार घेत होते. खिचडीवाल्या बाईंना काळजी वाटायला लागली. हर्निया इतके दिवस दुखत नाही, जाळी सरकली असेल, माझे दीर सर्जन आहेत, शनिवारी जाऊ या, असं त्यांनी लावून धरलं. शेवटी एका दुपारी जेवताना मी त्यांना खरं सांगून टाकलं. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग डब्याचं झाकण लावत, हसतच म्हणाल्या, "अहो, पण कोणी सांगितलं होतं?"

त्यात दुष्टपणा नव्हता. नंतर अनेकांनी हेच विचारलं, जवळजवळ याच शब्दांत. बहिणीने, वहिनीने, एका डॉक्टरनेही. आईने विचारलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून मी या प्रश्नावर विचार करते आहे. दुखणं आदल्या दिवशी होतं तेच दुसऱ्या दिवशीही होतं. जागा तीच, तीव्रता तीच, गोळ्या त्याच. फक्त नाव बदललं आणि सहानुभूती आटली. मग आधीची खिचडी मी चोरली होती का? की नंतर ती माझ्याकडून काढून घेतली गेली, ती चोरी होती?

*

आधी दुखण्याबद्दल सांगते. त्याशिवाय पुढचं बोलणं हवेत राहील.

लायपोसक्शनमध्ये आधी कातडीखाली सलाइन भरतात. त्यात भूल देणारं लिग्नोकेन असतं आणि रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रेनलिन. ही पद्धत कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ साली मांडली, आणि त्यामुळे रक्तस्राव पुष्कळ कमी झाला. मग बारीक छिद्रांतून कॅन्युला, म्हणजे पोकळ नळी, आत घालून मागेपुढे फिरवतात आणि सुटलेली चरबी ओढून घेतात. बाहेर फक्त पाच-सहा छिद्रं दिसतात. आत काय झालेलं असतं, ते त्या छिद्रांवरून कळत नाही. घरी आल्यावर दोन दिवस त्यांतून गुलाबी पाणी झिरपत होतं. गादीवर मेणकापड घालून मी त्यावर झोपले. मुलगा लहान असतानाचं मेणकापड कधीच टाकून दिलं होतं, नवीन आणावं लागलं.

सूज उतरली, काळेनिळे डाग गेले, सहा आठवड्यांनी घट्ट गारमेंटही सुटलं. राहिल्या त्या दोन गोष्टी. पोटाच्या डाव्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर आहे. तिथे डास बसला तरी मला कळत नाही. पण त्याच जागेवर रात्री पांघरूण घासलं की भाजल्यासारखं होतं. जिथे काही जाणवत नाही तिथेच दुखतं, हे कुणालाही पटवून देणं अवघड आहे. मलाच बरेच दिवस पटत नव्हतं. मांडीच्या आतल्या बाजूला कडक गाठी आहेत, दाबल्या तर शिजलेल्या पावट्यासारख्या सरकतात. परकराची नाडी नेहमीच्या जागी बांधता येत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये मी पर्स पोटावर धरते. लोकांना वाटतं पाकीटमारांची भीती.

नसांच्या या दुखण्यावर मला प्रीगाबॅलिन दिलं गेलं. त्याने झोप लागते, जळजळ बरीच कमी होते. त्या औषधाचा एक सर्वज्ञात दुष्परिणाम म्हणजे वजन वाढणं. हे वाचलं तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने हसले होते.

दुसरी गोष्ट चरबीची. माझे ब्लाउज वीस वर्षं एकाच बाई शिवतात. पाच-सहा महिन्यांनी ब्लाउज दंडाला काचायला लागले. मुंढ्यात दाटायला लागले. पाठीवर, ब्रेसियरच्या पट्ट्याच्या वर आणि खाली, पूर्वी कधी नव्हत्या अशा दोन वळ्या आल्या. पोटाचा खालचा भाग सपाट, आणि बरगड्यांखाली एक वेगळाच उंचवटा. वजन पुन्हा ६९. शिवणाऱ्या बाईंनी एकेक ब्लाउज उसवून पाहिला. शिवणीत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात. त्यांनी दोन्ही बाजूंची माया काढली, तरी पुरेना. "ताई, यातली माया संपली हो," असं म्हणून त्यांनी ब्लाउज परत दिले. कंबरेला ते सगळे सैल होते.

मला वाटलं मीच खूप खाल्लं असणार. डॉक्टरही म्हणाले, खाण्याकडे लक्ष द्या. मग मी वाचायला लागले. कोलोरॅडो विद्यापीठातल्या टेरी हर्नांडेझ आणि रॉबर्ट एकेल यांच्या गटाने २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लठ्ठ नसलेल्या ३२ स्त्रिया, त्यांतल्या १४ जणींचं लायपोसक्शन, बाकीच्या तुलनेसाठी. सहा आठवड्यांनी फरक स्पष्ट होता. वर्ष संपेपर्यंत एकूण चरबीतला तो फरक मिटला. मांड्यांवर चरबी परतली नाही. ती वर आली, मुख्यतः पोटाकडे. स्वीडनच्या कर्स्टी स्पॉल्डिंग यांनी २००८ साली दाखवलं होतं की मोठ्या माणसाच्या शरीरातल्या चरबीच्या पेशींची संख्या साधारण कायम राहते. दरवर्षी दहा टक्क्यांच्या आसपास मरतात आणि तितक्याच नव्या होतात. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ वरून त्यांनी पेशींचं वय काढलं होतं. शरीर आपल्या चरबीचा हिशेब ठेवतं आणि एका खात्यातून काढलं तर दुसऱ्या खात्यात भरतं, असं मी बँकेतली बाई असल्यामुळे स्वतःला समजावलं. हा हिशेब नेमका कोण ठेवतं, हे मला कळलेलं नाही.

एक अभ्यास मात्र माझ्या बाजूचा नाही. ब्राझीलमधल्या साओ पावलोचा, २०१२ सालचा. लायपोसक्शननंतर ज्यांनी व्यायाम केला नाही त्यांच्या पोटाच्या आत, आतड्यांभोवतीची चरबी वाढली. ज्यांनी नियमित व्यायाम केला त्यांची वाढली नाही. आधी मी रोज सकाळी पाऊण तास तलावपाळीला चालायला जात असे. ऑपरेशननंतर मांड्या एकमेकींवर घासल्या की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून चालणं सुटलं. हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तरी थोडं थोडं चालायला हवं होतं." बरोबर आहे. हवं होतं.

*

ॲरिस्टॉटलने 'ऱ्हेटोरिक'मध्ये करुणेची व्याख्या केली आहे. ज्याची ती लायकी नव्हती अशा माणसावर संकट आलेलं पाहून होणारं दुःख, असा तिचा गाभा. म्हणजे करुणेच्या आधी एक निवाडा असतो. या माणसावर हे यायला नको होतं, असं ठरल्यावरच मन द्रवतं. 'कोणी सांगितलं होतं' हा तोच निवाडा आहे, प्रश्नाच्या रूपात. स्वतःच ओढवून घेतलं, तर लायकी सिद्ध झाली, खिचडी बंद.

बरेच दिवस मला हे तर्काला धरून वाटत होतं. रागही येत नव्हता. धोका पत्करून केलेल्या गोष्टीचं फळ पत्करायला हवं, एवढं मलाही कळतं.

मग आमच्या शाखेतला एक मुलगा हरिश्चंद्रगडावरून उतरताना घसरला आणि त्याच्या पायाची दोन हाडं मोडली. पावसाळा, निसरडी वाट, घरच्यांनी जाऊ नको म्हटलेलं. कोणी सांगितलं होतं? कुणीच नाही. त्याला कुणी हे विचारलंही नाही. आई-वडिलांनी विचारलं असेल, तो त्यांचा हक्क. शाखेतले आम्ही सगळे त्याला पाहायला गेलो. खिचडीवाल्या बाई डबा घेऊन आल्या होत्या. त्याच्या प्लास्टरवर सह्या केल्या गेल्या, आणि 'पुढच्या वर्षी आम्हालाही ने' असंही कुणी म्हणालं. मी खुर्चीत बसून त्याच्याकडे पाहत होते. त्याने धोका जाणूनबुजून घेतला होता, गरज नसताना, स्वतःच्या आनंदासाठी. अगदी माझ्यासारखा.

म्हणजे स्वतः निवडलं की करुणेवरचा हक्क जातो, हे खरं नाही. गिर्यारोहकाची बर्फाने गेलेली बोटं, क्रिकेटपटूचा गुडघा, तिसऱ्या मुलाच्या वेळी जिवावर बेतलेली बाळंतीण, ही सगळी दुःखं निवडीतूनच आलेली असतात. आपण त्यांना उलटं विचारत नाही, कारण त्यांना जे हवं होतं ते हवंसं वाटण्याजोगं आहे असं आपल्याला मान्य असतं. शिखर, खेळ, मूल. माझ्या बाबतीत कमी पडली ती लायकी नव्हतीच. मला जे हवं होतं त्याला किंमत नव्हती. 'कोणी सांगितलं होतं' याचा खरा अर्थ, एवढ्याशासाठी?

आणि इथे मला राग येतो. कारण ज्यांनी हे विचारलं त्यांतल्या एकाही बाईला बारीक दिसणं 'एवढंसं' वाटत नाही. खिचडीवाल्या बाई स्वतः तीन वर्षं संध्याकाळी भात खात नाहीत. वहिनी लग्नकार्यात भेटली की आधी कंबरेकडे पाहते, मग तोंडाकडे. सुटलं की टोमणा मारायचा, कमी झालं की 'काय केलंस गं' विचारायचं, आणि जिने काही तरी केलं तिला म्हणायचं की एवढ्याशासाठी? हवं असण्याला परवानगी आहे, पण ते मिळवण्यासाठी काही करताना पकडलं जाता कामा नये. उपास करून मिळवलं तर चालतं, तो निग्रह. पैसे देऊन मिळवलं तर ती लबाडी. या भेदात काही तथ्य आहे का, हे मी प्रामाणिकपणे तपासून पाहिलं. थोडं आहे. उपास करणाऱ्या बाईच्या हाती निदान उपास करण्याची सवय तरी उरते. माझ्या हाती बिल उरलं. पण त्यामुळे तिचं डोकं दुखलं तर खरं आणि माझं पोट दुखलं तर खोटं, असं होत नाही.

*

आता मी सोपी वाट धरू शकते. म्हणू शकते की मला समाजाने सांगितलं होतं. जाहिरातींनी, सिनेमांनी, स्थळं बघायला येणाऱ्यांनी. याला पुरावेही जुने आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय 'अष्टौनिन्दितीय' नावाचा आहे. त्यात शरीरामुळे निंदित ठरणारी आठ माणसं सांगितली आहेत: अति उंच, अति बुटका, अंगभर केसाळ, अजिबात केस नसलेला, अति काळा, अति गोरा, अति लठ्ठ, अति कृश. अति गोराही त्यात आहे, हे आपल्याकडच्या विवाहमंडळांनी वाचायला हवं. त्यातही चरकाचं लक्ष मुख्यतः शेवटच्या दोघांकडे आहे, आणि दोघांत कृश बरा असं तो म्हणतो, कारण लठ्ठाची चिकित्सा अवघड. तो वैद्य आहे, त्याला त्या माणसाला बरं करायचं आहे. पण अध्यायाच्या नावात शब्द 'रोगी' नाही, 'निंदित' आहे. आजार आणि निंदा यांची गाठ इतकी जुनी आहे.

तरी मी ही वाट धरणार नाही, कारण ती माझ्या बाबतीत खरी नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती. नवऱ्याने कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मला कुठला आजार नव्हता. झालं एवढंच की दादरला एका दुकानाच्या ट्रायल रूममध्ये तीन बाजूंना आरसे होते आणि मी स्वतःला पहिल्यांदाच मागून पाहिलं. तिथे उभ्या बाईशी मला काही देणंघेणं नाही, असं वाटलं. दोन महिने ती बाई डोक्यातून गेली नाही. मग मी फोन केला. त्या दोन महिन्यांत माझ्या आतून जे बोलत होतं ते किती माझं आणि किती जगाचं, हे वेगळं काढता येईल असं मला वाटत नाही. पण फोन मी केला. या सगळ्या प्रकरणात निर्विवादपणे माझी अशी तेवढीच एक गोष्ट आहे. तीही समाजाच्या नावावर करून टाकली तर माझ्याकडे नुसतं दुखणं राहील.

सही पण मीच केली होती. चार पानांचा फॉर्म होता. तिसऱ्या पानावर इंग्रजीत एक ओळ होती, इतर भागांत चरबी वाढू शकते अशा अर्थाची. तिच्या वरच्या ओळीत संवेदना बदलण्याबद्दल होतं. मी दोन्ही वाचल्या होत्या. कर्जाच्या कागदांवर लोकांच्या सह्या घेणं हे माझं रोजचं काम आहे. आपण वाचलं म्हणजे आपल्याला कळलं असं नसतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? काउंटरच्या पलीकडच्या माणसाला व्याजाचा दर ऐकू येतो, हप्ता कळतो तो पहिल्यांदा चुकल्यावर.

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. सहा महिन्यांनी त्यांनी फोटो काढले आणि आधीच्या फोटोंशेजारी स्क्रीनवर लावले. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत. रिझल्ट खरंच चांगला होता. माझे दंड आणि पाठ चौकटीच्या बाहेर होती. मी दाखवली, तेव्हा ते सौम्यपणे म्हणाले, "तो भाग आपण केलाच नव्हता." अगदी खरं वाक्य. हवं असेल तर तोही करता येईल, सवलतीत, असंही म्हणाले.

१९२०च्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल दुजारिए नावाच्या शल्यविशारदाने एका तरुणीच्या पोटऱ्या बारीक करण्यासाठी त्यातली चरबी खरवडून काढली. पाय सडला, कापावा लागला. तिची संमती होती. तीच मागे लागली होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि खालच्या कोर्टाने निकाल दिला की केवळ रूपासाठी धडधाकट अवयवावर असं धोक्याचं ऑपरेशन करणं हीच चूक आहे. म्हणजे 'कोणी सांगितलं होतं' हे कोर्टाने बाईला न विचारता डॉक्टरला विचारलं. वाचून आधी बरं वाटलं. मग वाटलं, त्या निकालातही तिची इच्छा मोजण्याजोगी धरलेली नाही. डॉक्टरने तिचं ऐकायलाच नको होतं, असं त्याचं म्हणणं. एक तर मी अजाण, नाही तर मी दोषी. मला दोन्ही मान्य नाही.

मराठीत यासाठी शब्द बरेच आहेत. हळहळ आहे, पस्तावा आहे, पश्चात्ताप आहे, खंत आहे. पश्चात्तापाला पाप लागतं आणि त्याच्या पाठोपाठ प्रायश्चित्त येतं. मला पाप केल्यासारखं वाटत नाही, आणि हे दुखणं प्रायश्चित्त म्हणून भोगायला मी तयार नाही. हळहळ कुणाबद्दलही वाटू शकते, परक्याबद्दलही. बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७६च्या 'मॉरल लक' या निबंधात एका ट्रकचालकाचं उदाहरण घेतलं आहे. त्याची काही चूक नसताना त्याच्या ट्रकखाली एक मूल येतं. लोक त्याला समजावतात, तुझा दोष नाही. ते समजावतात हे योग्यच, पण तो जर लगेच समजला आणि इतर बघ्यांइतकंच वाईट वाटून घरी गेला, तर त्याच्याबद्दल आपल्याला काही तरी खटकेल. हे माझ्या हातून झालं, अशी एक वेगळी जाणीव असते, आणि ती दोषाच्या मापाने मोजता येत नाही. मराठीत तिला खंत म्हणावं असं मला वाटतं. माझ्या गोष्टीत ट्रक चालवणारीही मी आणि खाली आलेलीही मी, त्यामुळे समजावायला येणाऱ्यांची पंचाईत होते. कुणाच्या बाजूने बोलायचं?

कुणाच्याच बाजूने बोलू नये. दुखतंय का, एवढंच विचारावं. हा प्रश्न मला तीन वर्षांत फक्त शिवणाऱ्या बाईंनी विचारला. माप घेताना टेप पोटाच्या डाव्या बाजूला लागला आणि मी दचकले. त्यांना ऑपरेशनबद्दल काही माहीत नव्हतं. "दुखतं का इथं?" असं म्हणून त्यांनी टेप सैल धरला आणि पुढची मापं घेतली.

खिचडीचं मी एकदा बोलले. त्या बाईंना म्हटलं, तुमचे तीन आठवड्यांचे डबे मी खोटं बोलून खाल्ले, मला त्याची लाज वाटते. त्या म्हणाल्या, "खोटं बोललात त्याचं वाईट वाटलं हो. खाल्लंत त्याचं नाही." एवढ्या साध्या वाक्यात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या, ज्या मला इतक्या वाचनानंतरही करता आल्या नव्हत्या. पण पुढे लगेच म्हणाल्या, "तरी पण मला कळतच नाही, गरज काय होती?" माणूस एका दमात किती दूर येणार!

*

हे सगळं आता लिहायला घेतलं, कारण मागच्या महिन्यात माझ्या भाचीचा फोन आला. ती पुण्याला असते, २६ वर्षांची आहे, कमावते. म्हणाली, "मावशी, तुझ्या त्या डॉक्टरांचा नंबर दे ना." तिला मांड्या कमी करायच्या आहेत. तिने सगळं वाचलंय, माझ्यापेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. "तू तिला नाही म्हण. तुझं ऐकेल ती. तू भोगलंयस." भोगण्याने अधिकार येतो, अशी ताईची समजूत आहे. मला तसं वाटत नाही. माझा अनुभव हा माझ्या शरीराचा अनुभव आहे. माझ्याबरोबर ज्या दोघी त्याच आठवड्यात तिथे आल्या होत्या, त्यांच्यातली एक मला नंतर स्टेशनवर भेटली. तिला काहीही त्रास नाही, ती खूश होती. मी भाचीला आधीच अडवलं तर 'कोणी सांगितलं होतं' हाच प्रश्न मी फक्त लवकर विचारलेला असेल. आणि नाही अडवलं, आणि तिच्याही पोटावर अशी एक तळहाताएवढी जागा तयार झाली, तर? खंत वाटायला दोष लागत नाही, हे मी आत्ताच वर लिहिलं आहे.

शनिवारी मी पुण्याला गेले. दार लावून तिला सगळं दाखवलं. तिचा हात धरून गाठींवर ठेवला. बधिर जागेभोवती पेनने रेघ ओढून दाखवली. ब्लाउज घालून दंड दाखवले. गोळ्यांची पाकिटं दाखवली. कोलोरॅडोचा अभ्यासही सांगितला, आणि त्यातली मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्टही: तुलनेसाठी ठेवलेल्या बायकांना अभ्यास संपल्यावर निकाल सांगून विचारण्यात आलं, आता सवलतीत लायपोसक्शन हवं का? चरबी परत येते हे कळूनही निम्म्याहून अधिक जणी हो म्हणाल्या.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण मावशी, मांड्या कमी झाल्या ना?"

"झाल्या," मी म्हटलं. "मांड्या झाल्या."

"परत करशील?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि मला ट्रायल रूममधली ती बाई आठवली. तीन आरशांमधली. ती आता नाही. दुसरीच एक आहे, दंड जाड झालेली, बसताना सावरून बसणारी, पण तिच्याशी माझं बोलणं होतं. हे ऑपरेशनमुळे की दुखण्यामुळे की नुसती तीन वर्षं गेल्यामुळे, मला सांगता येईना. मी म्हटलं, "माहीत नाही." ताई बाहेरून दार वाजवत होती.

नंबर मी अजून पाठवलेला नाही. परवा तिने पुन्हा विचारलं, तेव्हा मी म्हटलं, भेटायला जाशील तेव्हा मी बरोबर येईन, मला तिथे चार गोष्टी विचारायच्या आहेत. आणि ठरलंच तर पहिले पंधरा दिवस माझ्याकडे राहा. गादीवर घालायला मेणकापड लागतं, ते आहे माझ्याकडे.